शेवंताच्या नावावर

माझं शुद्धलेखन चौथीतच थांबलं आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मी अंदाजानं टाकते. उजव्या हाताची दोन बोटं कामात भाजून आखडली आहेत, त्यामुळं अक्षरही एका बाजूला कलतं. त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, पण माणूस गेल्यावर त्याच्या पेटीतलं सगळं बाहेर निघतं, म्हणून माफी मागून ठेवलेली बरी.

आमची सून दरवर्षी दिवाळी अंक आणते. त्यात कधी रिटायर झालेले मास्तर आपल्या नोकरीचं लिहितात, कधी नर्सबाई, कधी एस.टी.चे कंडक्टर. मी सगळं वाचते. शोभेच्या दारूचं काम करणाऱ्या बाईचं मात्र अजून कुठं वाचलं नाही. ज्या दिवाळीच्या नावानं हे अंक निघतात, तिचा आवाज तर आमच्याच हातचा असतो. म्हणून घरात कुणी नसतं तेव्हा थोडं थोडं लिहिते आहे.

आमचं गाव तेरखेडा. फटाक्याचा कारखाना म्हटलं की लोकांना मोठी इमारत वाटते. आमचा कारखाना म्हणजे माळावर बाभळीचं कुंपण, एक मोठं लिंबाचं झाड, झाडाखाली दिवाणजींची बैठक, एक लांब पडवी, आणि पडवीपासून दूर, एकमेकींपासूनही दूर अशा चार-पाच खोपी. पडवीत आम्ही बाया ओळीनं बसायचो. रद्दी कागदाच्या नळ्या लाकडी दांडीवर गुंडाळायच्या, खळीनं चिकटवायच्या, वाळवायच्या, बुडाला माती ठोकायची, दारू भरायची, वात बसवायची आणि शेवटी माळ वळायची. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि रुईच्या काड्यांचा कोळसा. तिन्ही वेगळी असतात तोवर गरीब असतात. ती एकत्र करण्याचं काम खोपीत चालायचं. खोपीचं छप्पर मुद्दाम हलकं, गवताचं ठेवत, म्हणजे काही झालं तर भडका वर निघून जावा. आत बसलेल्या माणसानं कुठून निघून जावं, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

खोपीचे नियम कडक. आत एकच माणूस. अंगावर लोखंड, चांदी, काही नाही. दारात पाण्याची घागर असायची. तिच्यात हात बुडवून तो मातीच्या भिंतीवर दाबायचा आणि मगच दारूला हात लावायचा. अंगातली आग भिंतीला द्यायची, असं जुने लोक म्हणत. मिसळणीला बसलेल्याला हाक मारायची नाही, उठवायचं नाही. आणि आणखी एक. कामावर जळून गेलेल्या माणसाचं नाव कारखान्याच्या आवारात घ्यायचं नाही. ‘ती’ म्हणायचं, ‘तो’ म्हणायचं. हा नियम कुणी सांगितला ते माहीत नाही, पण तो मोडलेला मी एकदाच पाहिला. त्याचंच हे लिहिणं आहे.

गिऱ्हाइकांच्या गमतीही पुष्कळ. जळकोटकडचा एक माणूस जत्रेसाठी पेटीभर माल घेऊन गेला आणि दिवाळीनंतर भांडायला आला. त्यानं फटाके दमट होऊ नयेत म्हणून चुलीवरच्या शिंक्यात ठेवले होते. तक्रार काय, तर ते सणाच्या आधीच वाजले. दिवाणजींनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “वाजले का न्हाई पण? मग माल चांगलाच म्हणायचा की.” तो माणूस विचारात पडला आणि निघून गेला.

शेवंता माझी जाऊ. मारुती भावजींची बायको. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्यांपुढं बोलायला भ्यायची, अजूनही भिते. तीच मला कारखान्यात घेऊन गेली. ती डावखुरी होती, त्यामुळं तिनं वळलेल्या वातीचा पीळ उलटा पडायचा. हजार वातींत तिची वात ओळखू यायची. केसांना करडीचं तेल लावायची, त्याचा वास तिच्या आधी घरात यायचा. खोपीत मिसळणीला बसणारी ती एकटीच बाई. बाकी सगळे पुरुष.

माझ्या पहिल्या खेपेला मी अडले. तिनं कारखान्याच्या शेठकडून उचल घेतली, मला बैलगाडीत घालून बार्शीच्या दवाखान्यात नेलं. मी वाचले. लेकरू नाही वाचलं. ती उचल तिच्या नावावर होती. आठवड्याच्या मजुरीतून कापली जायची. ती फिटायच्या आतच, एका चैत्रात, भर दुपारी तिची खोपी गेली. आम्ही पडवीत होतो. आवाज आधी ऐकू आला का छप्पर आधी वर गेलं, ते मला आजही सांगता येत नाही.

घरी चुलीचा भडका झाला, असं गावात सांगितलं गेलं. तसं सांगितलं नसतं तर शेठचं लायसन गेलं असतं आणि पन्नास चुली बंद पडल्या असत्या. आम्हीच सगळ्यांनी ते मान्य केलं. भावजी गाव सोडून बार्शीच्या गिरणीत गेले. कारखान्याच्या कागदावर शेवंता मेलीच नाही.

दस्तगीर आला तो त्यानंतरच्या पावसाळ्यात.

तो मशिदीमागच्या गल्लीतला. शेठच्या बापाच्या वेळेपासून त्यांच्या घरात भुईनळे भरायचं काम. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या वर्षी त्याचा चुलता त्याला कराचीला घेऊन गेला. बाप आधीच वारला होता. आई, चाँदबी, जायला तयार झाली नाही. म्हणाली, माझी कबर इथं ठरलीय. तिकडं त्यानं कुठल्याशा गोदीत काम केलं, तिकडचा पासपोर्ट झाला. इकडं आईची नजर गेली. कुणीतरी कळवलं तेव्हा तो तिला बघायला आला, तो परक्या देशाचा माणूस म्हणून, मुदतीच्या परवान्यावर. परवान्यात लिहिलेलं असायचं की गाव सोडायचं नाही, ठाण्यात ठरल्या वारी हजेरी द्यायची, आणि कुठलंही रोजगाराचं काम करायचं नाही.

आई आंधळी, घरात दाणा नाही आणि काम करायची मनाई. मुदत वाढवून घ्यायला उस्मानाबादला अर्ज केला होता, तो कधी मंजूर होईल कुणालाच ठाऊक नव्हतं. तो शेठकडं आला त्या दिवशी मी पडवीच्या टोकाला, लिंबाजवळ बसले होते. मला सगळं ऐकू आलं.

“तुला कामाला घ्यायला मला काय झालंय रे?” शेठ म्हणाले. “तुझ्यासारखा नळा भरणारा अजून पैदा व्हायचाय. पण तू आता परदेशी हायस.”

“मी परदेशी? तुमच्या हिरीत पवायला शिकलो शेठ मी.”

“हिरीला कोण विचारतंय? कागदाला विचारत्यात.”

“मग कामाचा परवाना काढा की. तुम्ही सही केली तर मिळतो म्हणत्यात.”

शेठ हसले. “अर्ज काय लिव्हू? दारूच्या कारखान्यात पाकिस्तानचा माणूस ठेवायचाय? तुला तर बोटीत घालतीलच, मागनं माझं लायसन पण घालतील.”

दिवाणजी इतका वेळ पानाला चुना लावत होते. ते म्हणाले, “शेठ, एक नाव रिकामं हाय.”

अशा रीतीनं दस्तगीर शेवंताच्या नावावर कामाला लागला. पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला कारागीर, आणि मजुरी बाईची, म्हणजे पुरुषाच्या निम्मी. शिवाय नाव चालू ठेवायचं तर त्या नावावरची उचलही चालू राहणार. ती दर आठवड्याला त्याच्या मजुरीतून कापायची. मी धीर करून दिवाणजींना म्हटलं, “ती उचल माझ्या नावावर घ्या. माझ्यापायीच घेतली होती तिनं.”

“गप बस चौथे,” ते म्हणाले. चौथी शिकलेली म्हणून ते मला तसंच म्हणायचे. “येणं बाकी हाय म्हणून तर नाव ठेवायला कारण हाय. कुणी विचारलं तर सांगता येतं, बाई पैसे फेडतीय.”

दिवाणजी हजेरी मोठ्यानं घ्यायचे. तपासणीवाले कधीही येतील, तेव्हा सवय असावी म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी ओळीतली नावं वाचत वाचत “शेवंता मारुती” म्हटलं तेव्हा पडवीतले सगळे हात थांबले. लिंबापलीकडून दस्तगीर म्हणाला, “हजर.”

माझ्या शेजारी हलीमाबी बसायची. वयानं आमच्यात मोठी आणि तोंडानं सगळ्यांत मोठी. दुपारी भाकरी सोडताना तीच पहिली बोलली. दस्तगीर पाणी प्यायला आला तर म्हणाली, “काय गं शेवंता, ठेचा दिऊ का? आन् उद्यापासनं लुगडं नेसून येत जा, दाढी झाकंल.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तोही हसला. म्हणाला, “हलीमाबी, नेसवायला तुम्हीच या.” मीही हसले असेन. पण त्या दिवशी ते नाव आवारात आमच्यातल्या एकीनं घेतलं होतं. दिवाणजींचं वाचणं वेगळं. हे हाक मारल्यासारखं झालं होतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी हजेरीत नाव, दुपारी हलीमाबीची थट्टा.

गणपती उठल्यानंतर एक दिवस मी वाती बसवत होते. ढिगातली एक वात बोटांत घेतली आणि बोटं थांबली. पीळ उलटा. जुनी असेल म्हणून नाकाशी धरली, तर ओल्या दारूचा ताजा वास. मी ती हलीमाबीपुढं धरली. तिनं पाहिली, माझ्याकडं पाहिलं. पडवीत दुसरी डावखुरी कुणी नव्हती. दस्तगीर वातींना हात लावत नसे, त्याचं काम खोपीत. आम्ही ढीग उपसला. तसल्या पिळाच्या मूठभर वाती निघाल्या. हलीमाबीनं त्या पाण्यात टाकल्या. त्या दिवसानंतर तिनं थट्टा केली नाही.

शेवंताची खोपी गेली ती परत बांधली नव्हती. दस्तगीर तिच्या शेजारच्या खोपीत बसायचा. एकदा मी त्याला ताक नेऊन दिलं तेव्हा तो लिंबाखाली सावलीत बसला होता, खोपीकडं पाठ करून. म्हणाला, “वैनी, एक विचारू? हसू नका.”

“काय?”

“मिसळताना हाताचा आवाज होतो ना, सरसर. मी हात थांबवला की आवाज थांबाया पाहिजे. तो थांबतो, पण जरा उशिरानं.”

मी म्हटलं, “उंदीर असंल.”

“उंदीर दारूत कशाला येईल?” तो म्हणाला, आणि मग स्वतःच, “असंल बाई, उंदीरच असंल,” म्हणून ताक प्याला.

चाँदबीच्या घरी मी अधूनमधून दूध घेऊन जायची. तिचा मुलगा आमच्या घरचं देणं फेडत होता, मला दुसरं काय करता येणार होतं. एक खोली, पुढं ओटा. ती ओट्यावर हात चाचपत बसलेली असायची. दस्तगीर कामावरून आला की त्याचे हात नाकाशी धरायची. गंधकाचा वास साबणानं जात नाही, आमच्या घरच्या भाकरीलाही तो असायचा. त्या वासावरूनच तिनं त्याला कामाच्या पहिल्या दिवशी ओळखलं होतं, असं ती सगळ्यांना सांगायची. गोदीतले हात घेऊन आला होता, कारखान्यात गेला तेव्हा माझा झाला, असं म्हणायची.

एका तिन्हीसांजेला मी तिथं होते. दस्तगीर आला, चपला काढल्या, आत वाकून गेला. चाँदबीनं त्याचे हात घेतले, हुंगले, आणि मान वळवून त्याच्या मागं पाहिल्यासारखं केलं.

“कौन आया रे तेरे संगात?”

“कोई नई अम्मा. वैनी है, दूध लायी.”

“वो तो कब की बैठी. तेरे पीछे कौन आयी?” ती हसत होती. “करडी के तेल की बास आ री. बहू लाया क्या रे, बोला नई मेरे कू?”

मी घरी करडीचं तेल लावत नव्हते. शेवंता गेल्यापासून आमच्या घरात ते आणलंच नव्हतं. दस्तगीरनं माझ्याकडं पाहिलं. चाँदबीनं चाचपडत टोपल्यातून भाकरी काढली, एक त्याच्यापुढं ठेवली आणि एक त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेपुढं.

त्या दिवसापासून ती रोज दोन भाकरी वाढायची. दुसरी तो शेजारच्या शेळीला घालायचा. म्हणाला, भूक असते वैनी, पण खायला हात होत नाही.

बायांमध्ये कुजबूज वाढली. हलीमाबीनं दिवाणजींना तोंडावर सांगितलं, “त्या गेलेल्या बाईचं नाव बंद करा. तुम्ही रोज सकाळी हाका मारता, ती येतीय.”

“बंद करतो,” दिवाणजी म्हणाले. “मग दस्तगीरला मजुरी कुणाच्या नावानं देऊ? तुझ्या?”

चाँदबी तेव्हा अंथरुणाला लागली होती. मुदत एकदा वाढून मिळाली होती, ती संपायच्या आत आई गेली तर बरं, असं दस्तगीर स्वतःच म्हणाला होता. म्हणजे त्याचं मागणं एवढंच होतं की ती जाईपर्यंत त्याला कुणी हाकलू नये. त्याच्या मजुरीवरच तिचं औषध चाललं होतं. आम्ही भीत होतो, पण त्या म्हातारीला एकटी मरू द्यायला कुणाचंच मन तयार नव्हतं. म्हणून सगळ्या परत कामाला बसलो.

आश्विनातलं ऊन होतं. दिवाळीची घाई. दुपारी कुंपणापाशी जीप थांबली. ठाण्याचे हवालदार आणि त्यांच्याबरोबर उस्मानाबादहून आलेले कुणी साहेब. दस्तगीर नेमका खोपीतून बाहेर येऊन लिंबाखाली पाणी पीत होता. पळायला जागा नव्हती.

हवालदार त्याला ओळखायचे. “का रे दस्तगीर? इथं काय करतोस?”

“कोळसा मागाया आलतो साहेब. अम्माला शेकाया.”

त्यानं हात मागं नेले. कोपरापर्यंत काळे होते. कोळसा मागायला आलेल्याचे हात काळे असू शकतात, पण गंधकानं पिवळी झालेली नखं कशी लपवणार? साहेब त्याच्याकडं पाहत राहिले. मग दिवाणजींना म्हणाले, “हजेरी काढा. एकेक नाव घ्या, माणूस उभं राहील. किती नावं आहेत आणि किती माणसं, ते बघू.”

दिवाणजी नावं वाचू लागले. नाव घेतलं की बाई उठायची, “हजर” म्हणायची, बसायची. माझं नाव झालं. हलीमाबीचं झालं. दस्तगीर साहेबांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याचे ओठ मी पाहत होते. ते मिटलेले होते.

“शेवंता मारुती.”

माळावर वाराही नव्हता. साहेबांनी मान वर केली. आणि खोपींच्या बाजूनं, स्पष्ट, जरा कंटाळल्यासारखा बाईचा आवाज आला.

“हजर.”

साहेब म्हणाले, “कुठं आहे ती? पुढं बोलवा.”

दिवाणजींचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंडातून वर्षानुवर्षांचा नियम आपोआप बाहेर आला. “मिसळणीला बसलीय साहेब. हातात दारू हाय. उठवता येत न्हाई. तुम्ही जाऊन बघा पाहिजे तर, पण पायातले बूट तेवढे...”

साहेबांनी खोपीकडं पाहिलं, आपल्या बुटांकडं पाहिलं. “राहू द्या,” म्हणाले. दस्तगीरला ताकीद दिली की परत इथं दिसलास तर मुदत रद्द. जीप गेली.

धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग हलीमाबी ओरडली, “कोण बोललं गं? खरं सांगा, कोण बोललं?” प्रत्येक बाई आपापल्या जागेवर होती. मी मोजायला शिकलेली, मी पाहिलं. दस्तगीर पुढं गेला, त्याच्या मागं आम्ही. खोपीत कुणी नव्हतं. कापडाखाली दारू तशीच होती. घागरीतलं पाणी हलत होतं. आणि दाराशी भिंतीवर ओल्या हाताचा ठसा होता, डाव्या हाताचा. अंगठा कुठल्या बाजूला ते मी नीट पाहिलं. दस्तगीर उजव्या हाताचा. ऊन कडक होतं. तो ठसा बोटांच्या टोकांकडून वाळत आला आणि आमच्या डोळ्यांदेखत भिंत कोरडी झाली.

पुढं मला शिकलेली माणसं भेटली, त्यांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कुणीतरी बाई बोलली असणार. असेल. हलीमाबी मरताना मला म्हणाली होती, मी न्हवते गं. मीही नव्हते.

दस्तगीर त्या दिवशी खोपीच्या दारात बसून राहिला. म्हणाला, “हलीमाबी, तिनं मला वाचिवलं.”

“व्हय बाबा,” हलीमाबी म्हणाली. “आता तू तिला वाचीव. तिचं देणं फेड. देणं हाय तवर नाव हाय, आन् नाव हाय तवर तिला यावं लागतंय.”

ताकीद असूनही तो चोरून कामाला येत राहिला आणि दिवाणजींना सांगून आठवड्याची कपात दुप्पट करून घेतली. तरी देणं फिटायच्या आत दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला दिवाणजींनी नवी वही पुजली आणि जुन्या वहीतली येणी नव्या वहीत उतरवली. हळदकुंकू लावलेल्या पहिल्याच पानावर तिचं नाव आलं. हलीमाबी प्रसाद न घेता घरी गेली.

चाँदबी मार्गशीर्षात गेली. दुपारची वेळ, मी दूध घेऊन गेले होते. दस्तगीर उशाशी होता. तिनं त्याचा हात धरला होता, आणि दुसरा हात पलीकडं, मोकळ्या जागेत, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा ठेवला होता. म्हणाली, “बेटी, तू भी थक गयी होंगी. जा अब. मैं भी जाती.” मग ती बोलली नाही. माती तिला गावातच मिळाली, तिच्या मनासारखी.

मुदत संपायला थोडेच दिवस होते. आता ती वाढवायला कारण उरलं नव्हतं. त्यानं स्वतःच ठाण्यात जाऊन सांगितलं. येडशीहून गाडी, मग मुंबई, तिथून बोट. जायच्या आदल्या दिवशी तो मजुरी घ्यायला आला. दिवाणजींनी हिशोब केला. तिकिटाचे पैसे बाजूला ठेवले तर उचलीत थोडे कमी पडत होते.

शेठ उठून आले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, “राहू दे रे. तेवढे मी माफ केले. लिव्हा दिवाणजी, माफ.”

दिवाणजींनी टाक उचलला. दस्तगीर म्हणाला, “नको शेठ. माफ केलेलं नाव पुढच्या वहीत जातं. मी बघितलंय. फेडलेल्या नावावर रेघ पडती.” आणि तिकिटाच्या पैशांकडं हात नेला.

मी पडवीतून उठले. शेठसमोर, सगळ्या पुरुषांसमोर जाऊन बोलण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. माहेरचे चांदीचे वाळे मी आदल्या बाजाराला मोडले होते. पैसे पदराच्या गाठीत होते. गाठ सुटेना. हलीमाबीनं येऊन दातानं सोडवली.

“कमी पडतंय ते ह्यातनं घ्या,” मी म्हटलं.

दस्तगीर म्हणाला, “वैनी, नाव मी वापरलं. देणं माझं हाय.”

“माझा जीव ठेवाया घेतलं हुतं तिनं,” मी म्हणाले. “तुम्ही लई फेडलं भाऊ. शेवटचं तरी माझ्या हातनं जाऊ द्या.”

तो मागं सरला. नवे पैसे नुकतेच आले होते, दिवाणजी अजून आण्यांत बोलायचे. त्यांनी दोनदा मोजलं, आण्यांचे पैसे केले, पैशांचे आणे केले, आणि वरचे उरलेले माझ्या हातावर परत ठेवले. मग नवी वही उघडली, हळदीच्या बोटाखालच्या नावावर रेघ मारली आणि मोठ्यानं वाचलं, “शेवंता मारुती. येणे बाकी काही नाही.”

आम्ही सगळ्या ‘हजर’ येतंय का म्हणून कान देऊन थांबलो. खोपींच्या बाजूला ऊन होतं, नुसतं ऊन. दिवाणजींनी आणखी थोडी वाट पाहिली, मग पैसे पेटीत टाकले आणि झाकण लावलं. तिचे सगळे पैसे फिटले.